अर्धी अक्का

"बघ, बघ तुझ्या बायकोचे प्रताप!" अक्कानं भिंतीवरचा एकेक फोटो उचकटून इस्त्रीच्या टेबलावर आपटला. "यात माझा कान गेला. यात गाल. आणि यात तर नुसता खांदा उरलाय. मी काय उसवलेली बाही आहे, कापून बाजूला टाकायला?"

मुलगा मान खाली घालून कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिला. आई आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नाच्या वर्षभरात आलं होतं.

लॉन्ड्री अक्काची होती. नवरा गेल्यावर तिनं ती हाताला फोड येईस्तोवर राबून उभी केली होती, आणि काउंटरच्या डाव्या टोकाला, गल्ल्याशेजारच्या खुर्चीत तिच्याशिवाय कुणी बसत नसे. साबणाच्या डब्याएवढा तो कॅमेरा सुनेनं माहेराहून आणलेला, आणि फोटो तीच काढायची. बटण दाबलं की फोटो लगेच बाहेर. गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, लांब दारात उभे असलेले सगळे त्यात धड यायचे. जवळ खुर्चीत बसलेली अक्का तेवढी कापली जायची. आज सकाळी समोरचा कुलूपवाला भिंतीकडे बघून म्हणाला होता, "अक्का, उरलेल्या अर्ध्या कुठं गेलात? धुवायला टाकल्यात काय?" दुकानातली गिऱ्हाइकं खदखदली होती.

सून ओले हात पुसत मागच्या खोलीतून आली.

"मी मुद्दाम नाही हो करत, अक्का. बघताना तुम्ही पूर्ण दिसता. बाहेर आल्यावरच..."

"बाहेर आल्यावरच मी नकोशी होते, असंच ना?"

सुनेच्या डोळ्यांच्या कडा लाल झालेल्या अक्काला दिसल्या. पण आता माघार घ्यायची म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापायचं.

"आण इकडे तो डबा. फोटो कसा काढतात ते मी दाखवते. बस माझ्या खुर्चीत."

सून बिचकली. खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली. "अक्का, दोनच फिल्म उरल्यात."

"मला एक रग्गड झाली."

अक्कानं काउंटरवरून वाकून एक डोळा मिटला. सुनेचा चेहरा चौकटीत बरोब्बर मधोमध धरला, सुईत दोरा ओवताना रोखायची तसा श्वास रोखला आणि बटण दाबलं. जीभ काढून दाखवावी तसा पांढरा कागद बाहेर आला. अक्का तो पंख्यासारखा हलवू लागली.

"हलवू नका, बिघडतो. पालथा ठेवा."

"मला शिकवतेस?" म्हणत अक्कानं तो पालथा ठेवला, इस्त्रीपासून लांब. आणि दूध उतू जाईल की काय अशी घडोघडी त्याचा कोपरा उचलून डोकावू लागली.

हळूहळू रंग चढले. गल्ला लख्ख आला होता. हँगरची रांग आली होती. आणि अगदी डाव्या कडेला सून: एक डोळा, अर्धं नाक, अर्धे ओठ.

मुलाची इस्त्री थांबली. "अरेच्चा!" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

अक्कानं कॅमेरा उलटा करून समोरून पाहिला. डोळा लावायची खिडकी एका कोपऱ्यात, भिंग भलतीकडेच. ती एकदा खिडकीवर, एकदा भिंगावर बोट ठेवत राहिली.

"तिरळा आहे मेला," ती पुटपुटली. "बघतो एकीकडे, धरतो दुसरीकडे. जवळून काढताना जरा डावीकडे वळवून धरायचा, झालं."

सुनेनं तोंडावर पदर दाबला, पण हसू फुटलंच. मग मुलगा हसला. अक्का मात्र पाठ फिरवून फोटो परत भिंतीला लावू लागली. कुलूपवाला, मुलगा, गिऱ्हाइकं, स्वतःचा कान, स्वतःचा गाल. लावता लावता तिचा हात मंदावला. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं पुन्हा नजर फिरवली. मग मधोमध असलेला कुलूपवाला काढला आणि त्या जागी नवा फोटो ठेवला.

"तो नको ना, अक्का! अर्धीच आलेय मी."

अक्कानं चिकटपट्टी अंगठ्यानं घट्ट दाबली आणि सुनेकडे वळली.

"वर्षभर या भिंतीवर मी अर्धी तरी आहे. तू नखाएवढीसुद्धा नाहीस. इतकी कशी गं बावळट तू! उठू नकोस, नीट टेकून बस. मी शेजारी स्टूल घेते. आणि त्या कुलूपवाल्याला हाक मार. म्हणावं, हा डबा डावीकडे वळवून धर. दोघी पूर्ण आलो नाही, तर तुझे शर्ट चुरगळलेलेच परत येतील."