समोरून वाचणारी

"अक्का, तुम्ही कधी हिरोईन झालात का हो?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि संयोगितानं जीभ चावली. शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, विचारून दाखव, तर मानू. वर्गात तो प्रश्न भारी मजेदार वाटला होता. इथं, कन्नड मुलखातल्या या शहरात, शिवाजीनगरातल्या शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, गोल करून बसलेल्या सावळ्या-काळ्या चेहऱ्यांच्या मधोमध तो धपकन पडला.

स्मिताअक्का आधी तिच्याकडे बघत राहिल्या, मग खदाखदा हसल्या.

"हिरोईन? अगं, मी मोलकरीण झाले, भिकारीण झाले, एकदा हडळपण झाले. हडळीला मेकअपच केला नाही त्यांनी. म्हणाले, गरज नाही!"

सगळी खोली हसली. संयोगिताही हसली, पण तिचे कान तापले होते.

"म्हणून तर दर रविवारी जमतो," अक्का म्हणाल्या. "उठ आता. गप्पा पुरे."

ज्यांना रंगामुळे फिरून फिरून तीच कामं मिळतात, असे नट-नट्या इथं जमत. कुठं काही ऑडिशन आहे असं कळलं, की ते सगळ्यांना सांगायचं. मग एकमेकांचे व्हिडिओ काढायचे. कल्लाप्पा अण्णा स्वतः नाटकात राक्षस व्हायचे, पण इथं पांढरी चादर धरून उभे राहत, म्हणजे खिडकीतला उजेड चेहऱ्यावर नीट उतरे. आणि एक नियम होता. एकाच भूमिकेसाठी दोघी असल्या, तर त्यांनीच एकमेकींसाठी कॅमेऱ्यामागून समोरच्या पात्राचे संवाद वाचायचे. हातचं राखून नाही, जीव ओतून.

या वेळी त्या दोघी म्हणजे संयोगिता आणि शहराबाहेरच्या आनेकलहून बसनं येणारी मनस्विनी. भूमिका होती शर्यत हरून घरी आलेल्या मुलीची. कन्नड सिनेमा, आणि चक्क मुख्य भूमिका!

आधी मनस्विनीचा व्हिडिओ झाला. त्या मुलीच्या आईचे संवाद संयोगितानं वाचले. मनस्विनी रडली नाही, ओरडली नाही. नुसती दारात उभी राहून पायातले बूट काढत राहिली, आणि तिच्या डाव्या बुटाच्या नाडीची गाठ काही केल्या सुटेना. संयोगिता पुढची ओळ विसरली.

मग जागा बदलल्या. संयोगिता दारात आली. कॅमेऱ्यामागून मनस्विनीनं विचारलं, "जेवलीस?"

एवढाच शब्द. पण असा, की जणू तिला सगळं आधीच कळलंय आणि ती त्याबद्दल कधीच काही विचारणार नाही. संयोगिताला खरंच रडू फुटलं.

"सरी! जमलं!" अक्का ओरडल्या. "हाच ठेवायचा!"

खाली उतरताना मनस्विनी कोपरानं ढोसत म्हणाली, "काय गं, पिक्चर तुलाच मिळणार बघ. मी रडवलं ना तुला?"

"गप्प बस. बूट कुठून आणलेस ते सांग!"

बुधवारी संध्याकाळी सिनेमावाल्यांकडून फोन आला. आईनं पोळी तव्यावरच टाकून गॅस बंद केला. अप्पांनी टीव्हीचा आवाज घालवला. संयोगितानं फोन स्पीकरवर ठेवला.

"छान काम केलंयस," पलीकडची बाई म्हणाली. "फोटोत उजळ दिसतेस, व्हिडिओत जरा वेगळी. पण ते मेकअपमध्ये बघू."

संयोगितानं आईकडे पाहिलं. अर्ज आईनं भरला होता आणि फोटो लावला होता मामेबहिणीच्या लग्नातला, पावडर थापलेला. आई ओट्यावरचं पीठ बोटानं गोळा करू लागली.

"बरं, एक सांग. तुझ्या व्हिडिओत आईचं कोण बोलतंय? कुणी मुरलेली नटी आहे का?"

"नाही मॅडम. मनस्विनी. माझ्याएवढीच आहे. तिनं पण पाठवलाय तुम्हाला व्हिडिओ, याच रोलसाठी."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली.

"हो, आहे. उघडलेला नाहीये. फोटो बघूनच बाजूला काढलेला दिसतोय कुणीतरी."

अप्पांनी हात हलवला. पुरे, आता काही बोलू नको. त्यांचं बरोबरच होतं. तो व्हिडिओ उघडला तर काय होईल, हे या घरात फक्त संयोगिताला माहीत होतं. ती तो बूट विसरली नव्हती. क्षणभर तिला वाटलं, थँक्यू म्हणावं आणि ठेवून द्यावा फोन.

"आत्ता उघडा ना, मॅडम," ती म्हणाली. "मी थांबते."

फोनमधून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, आईचा झालेला. मग मनस्विनीची ती लांबलचक शांतता. व्हिडिओ संपला, तसा बाईनं तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

"तिला सोमवारी बोलवते," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "समोरून वाचायला कुणाला तरी घेऊन ये म्हणावं. आणि तुझं... तुला कळवते हं, बाळा."

फोन बंद झाला.

"वेडी आहेस का गं तू?" अप्पा म्हणाले. "घरात आलेलं काम, हातानं उचलून दिलंस?"

"तो फोटो," आई हळूच म्हणाली, "मी चांगल्यासाठीच लावला होता."

"माहितीये गं." संयोगितानं आईचे पिठाचे हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज काही केल्या बारीक होईना. "अप्पा, ऐका. माझं नाव मी मागे घेतलेलं नाही. आज दुसरा फोटो पाठवणार आहे, आहे तसा. आणि सोमवारी मी शाळेला जाणार नाही. मनस्विनीच्या समोरून आईचं मी वाचणार आहे."