जावयाच्या मानाचं खातं

मी एक जुनं जाहिरात-खातं आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, ठेवायला कपाटही लागत नाही. तुम्ही मोबाईलवर बोट सरकवता आणि मध्येच एखादी जाहिरात समोर येते ना, ती पाठवणारा मी. ज्याच्याकडे माझी किल्ली, म्हणजे पासवर्ड, तो माझा धनी. तो सांगेल तेच मी दाखवतो. हेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म देवणीतला. तिथं सिंधुबाई बैलांचा साज करतात. गोंडे, झुली, घुंगरमाळा. गोंडा असा आवळून बांधतात की बैलानं झाडाला शिंगं घासली तरी सुटत नाही. गल्लीतल्या बायका त्यांच्याकडं कामाला येतात. पोळ्यावर त्या साऱ्यांचं वर्ष निघतं.

धोंड्याचा महिना होता. लेक वर्षाराणी आणि जावई हरिओमराव नांदेडहून जेवायला आले होते. पुरणाचे धोंडे वाढून झाले, जावयाला ओवाळून झालं, आणि सिंधुबाईंनी मोबाईल त्यांच्यापुढं ठेवला. "जावईबापू, ते जाहिरातीचं तुमच्याच हातानं होऊ द्या."

"मामी, मेल अन् नंबर कोणाचा टाकू?"

"तुमचाच टाका की. तुमच्याहून मोठं कोण हाय आम्हाला?"

असा मी जन्मलो, तो जावयाच्या नावावर. आपण मान दिला, एवढंच सिंधुबाईंना वाटलं. त्यांचे यजमान दगडोबा यांनी तर मोबाईलला पेढा दाखवला आणि मग स्वतःच खाल्ला.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते. घरचा काळ्या तोंडाचा देवणी बैल, हिऱ्या, साज घालून अंगणात उभा केला, फोटो काढला आणि तो मी रेणापूर, उदगीर, पार कर्नाटकातल्या भालकीपर्यंत दाखवत सुटलो. सिंधुबाईंचा फोन थांबेना. दसऱ्याला त्या मोबाईलवर आपट्याचं पान ठेवत. ते माझ्यासाठीच असतं असं मी समजत असे.

पुढं हरिओमरावांच्या मागं नोकरीचा व्याप वाढला. त्यांनी नांदेडच्या एका ओळखीच्या जाहिरातवाल्याला माझी किल्ली दिली. "तू बघ रे जरा," म्हणाले आणि विसरून गेले. माणूस वाईट नाही हो, नुसता विसराळू.

हळूहळू सिंधुबाईंचे फोन कमी झाले. मग एकदा त्यांच्याच मोबाईलवर माझी जाहिरात आली. फोटो हिऱ्याचा, नाव सिंधुबाईंचं, खाली नंबर मात्र भलताच, त्या जाहिरातवाल्याचा.

"जावयाला फोन लाव अन् किल्ली माग," दगडोबा म्हणाले.

"मानानं दिलेली वस्तू माघारी कशी मागू? उद्या पोरीला बोल लागला म्हंजे?"

त्या फोन लावत, वर्षाराणीची ख्यालीखुशाली विचारत आणि ठेवून देत. माझा जीव तुटायचा. बाई, आत्ता मागा! अजून जावयाचं नाव माझ्यावर आहे, तोवर सगळं हातात आहे. पण मला तोंड कुठलं? त्या संकोचत राहिल्या आणि तिकडं त्या जाहिरातवाल्यानं हरिओमरावांचं नाव माझ्यावरून पुसून टाकलं.

सीमेपलीकडं बैलांचा सण पोळ्याआधी येतो, कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठातल्या पुनवेला. तो सण झाला आणि भालकीचे जुने गिऱ्हाईक मडिवाळप्पा दारात उभे राहिले. त्यांनी तुटका गोंडा ओट्यावर टाकला.

"अक्का, तुमचं नाव बघून घेतलो. मिरवणुकीत गळून पडला की. सगळे हसून राहिले."

सिंधुबाईंनी गोंडा उलटसुलट केला. प्लास्टिकचा दोरा होता. "हे माझ्या हातचं न्हाई, मडिवाळप्पा."

"फोटो तर तुमच्याच बैलाचा हाय."

मडिवाळप्पा गेल्यावर सिंधुबाई ओट्यावरच बसून रडल्या.

मग मात्र त्यांनी फोन लावला. "जावईबापू, राग मानू नका. ती किल्ली माघारी द्या."

"अहो मामी, आधीच का न्हाई म्हणालात? आत्ता देतो!" हरिओमरावांनी मला उघडायला घेतलं, पण माझं दार त्यांना बंद होतं. दुसऱ्या दिवशी ते खाली मान घालून देवणीला आले. त्या पोळ्याला सिंधुबाईंचे गोंडे दोरीवर तसेच लटकून राहिले आणि गल्लीतल्या बायका खुरपणीला गेल्या.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. जावयाला ओवाळून झालं. सिंधुबाईंनी मोबाईल मांडीवर घेतला आणि स्वतःच्या नंबरावर, स्वतःच्या मेलवर नवं खातं उघडलं. हरिओमरावांना त्यात नुसतं मदतनीस केलं.

"मान ताटात घ्या, जावईबापू. किल्ली माझ्या कनवटीला राहू द्या."

"तेच बरं, मामी," ते म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

मी मात्र अजून परक्याच्याच हाती आहे. मला बंद करा, अशी तक्रार सिंधुबाईंनी केली आहे. उत्तर आलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा छोटा धंदा असेल, तर त्याच्या खात्यावर कुणाचं नाव आहे ते आजच विचारा. आपलं माणूस असलं तरी विचारा. विचारल्यानं नातं तुटत नाही.

आणि एवढं ऐका. नव्या खात्यावरच्या फोटोत हिऱ्याशेजारी स्वतः सिंधुबाई उभ्या आहेत. माझ्या फोटोत हिऱ्या एकटाच आहे. तो एकटा दिसला, तर मला बोट लावू नका, पुढं सरका.