भिकुबाईचा घसा

दूध-भाकरी हे उखर्डू आबांचं जन्मभराचं जेवण. ज्वारीची भाकरी थाळीत बारीक कुस्करायची, वर म्हशीचं कोमट दूध ओतायचं आणि शेवटी थाळी तिरपी करून उरलेला घोट प्यायचा. लग्नाच्या पंगतीतून उठून आले तरी घरी दोन घास दूध-भाकरीचे खाल्ल्याशिवाय आबांना झोप लागत नसे.

यंदाच्या थंडीत आबांना ताप आला. ताप उतरला, पण सर्दी आणि खोकला मुक्कामाला राहिले. आणि त्याच दिवसापासून त्यांच्या बायकोनं, भिकुबाईनं, घरात आबांचं दूध बंद केलं.

पारोळ्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "तोंडाला रुचेल ते खाऊ द्या. दूध आवडतं, पचतं, तर खुशाल द्या." भिकुबाईनं मान हलवली, आणि रिक्षात बसल्याबरोबर म्हणाली, "त्याले काय जातं सांगाले! रातभर छाती शेकाले तो येणार शे का?"

आबा वरणाला तोंड लावीनात. खिचडी बोटानं बाजूला सारत. अंगातला सदरा खांद्यावरून घसरायला लागला. भिंत धरून ते अंगणापर्यंत जात आणि तिथंच दम लागून बसत. दारात बांधलेली म्हैस बादली भरून दूध देत होती, आणि घरधनी उपाशी!

हे सगळ्यात जास्त बोचत होतं ते कोकिळेला. तिचे आईवडील सुरतेला कामाला; आठवीतली ही नात आजी-आबांजवळ राहायची.

"आजी, आबा दिवसेंदिवस वाळत चाललेत. थोडं दूध दे ना."

"माले शिकाडस का तू? सर्दीमा दूध म्हणजे कफ. मन्ही माय सांगे, मायनी मायबी सांगे."

"पण खरंच कफ वाढतो, हे कुणी पाहिलंय?"

"पाहायचं काय त्यात? पिताच घसा चिकटतो. माझा घसा मला ठाऊक नाही का गं?"

आजीचं हे शेवटचं वाक्य कोकिळेनं नीट ध्यानात ठेवलं. आजीला स्वतःलाही सर्दी झालेली होतीच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीसाठी बियाणं काढायचं म्हणून भिकुबाईच्या ओट्यावर शेजारणी शेंगा फोडायला जमल्या होत्या. कोवळ्या उन्हात पाठी शेकत होत्या, हात भराभर चालले होते, आणि नाकं पदराला पुसली जात होती. गावात सर्दी झाली नव्हती असं घरच उरलं नव्हतं.

कोकिळा ताटात कप घेऊन बाहेर आली. पिवळं धमक, वाफाळतं, हळद-सुंठ घातलेलं.

"दूध? आणि सर्दीत?" शेजारची बेबाबाई म्हणाली. "भिकूअक्का, आज सूर्य कुठून उगवला?"

"आजी म्हणते घसा चिकटतो," कोकिळा म्हणाली. "मला तेच बघायचंय. सगळ्यांनी प्या आणि खरंखरं सांगा."

भिकुबाईला आनंदच झाला. एवढ्या साक्षीदार बायका समोर आयत्याच बसल्या होत्या. तिनं कप उचलला, दोन घोट घेतले आणि लगेच घसा खाकरला. "बघा! झाला की नही चिकट? इथं, इथं बसला!" तिनं गळ्यावर बोट ठेवून जागासुद्धा दाखवली.

"मला तर काहीच वाटत नाही," बेबाबाई कप रिकामा करत म्हणाली. "पण अक्का, रागावू नका, तुमच्या म्हशीचं दूध भारी पातळ हो. पाणी कोण घालतं, तुम्ही की म्हैस?"

बायका हसल्या. कोपऱ्यातल्या दोघींनी मात्र भिकुबाईची बाजू घेतली. त्यांचेही घसे चिकट झाले होते.

"आता कप उलटे करा," कोकिळा म्हणाली.

काही कपांच्या बुडाला लाल टिकली चिकटवलेली होती. भिकुबाईच्या कपाला होती, कोपऱ्यातल्या दोघींपैकीही एकीच्या होती. बेबाबाईच्या नव्हती.

"टिकलीच्या कपात दूध नव्हतंच," कोकिळेनं सांगितलं. "तुम्ही फोडताय तेच शेंगदाणे होते. भिजवले, वाटले, मलमलच्या फडक्यातून गाळले आणि साखर, हळद, सुंठ घालून उकळले. सर्दीनं नाकं बंद, म्हणून कुणाला वास आला नाही. म्हशीचं दूध प्यायल्या त्या बेबाकाकू; त्यात पाणी मीच घातलं होतं, दोन्ही सारखं दिसावं म्हणून."

बेबाबाई अशी हसली, की तिच्या मांडीवरचे दाणे सगळे ओट्यावर सांडले.

भिकुबाईचा चेहरा मात्र लाल झाला. "चार बायकांत माझं हसं केलंस? तुझ्या आजीचं?"

कोकिळेचे डोळे भरले. पण ती मागे हटली नाही. "आधी सांगितलं असतं, तर तुझ्या घशानं आधीच ठरवून टाकलं असतं, आजी. दूध काय, दाण्यांचा रस काय, थुंकीत मिसळलं की जरा दाट होतं. जिभेवर, घशात थोडा वेळ रेंगाळतं. ते आपल्याला कफासारखं वाटतं, मग गिळलं जातं. छातीतला कफ त्यानं वाढत नाही. कफ सर्दीचा असतो, दुधाचा नाही. आणि आबांना आत्ता अन्न लागतंय गं."

भिकुबाईनं आवंढा गिळून पाहिला. पुन्हा एकदा गिळला. घसा मोकळा होता. कधी झाला, ते तिला कळलंही नव्हतं.

ती उठली आणि आत गेली. अक्का रुसली, असं बायकांना वाटलं. पण आतून पातेल्याचा आवाज आला, चूल फुंकल्याचा आला, आणि थोड्या वेळानं आबांचा आवाज आला, "आज हे काय?"

"मुकाट्यानं खा. नातीनं पास करी दिनं शे."

आबा खात राहिले. मधे एकदा खोकले, पण रोजच्याएवढेच. भिकुबाई कान देऊन ऐकत होती. शेवटी त्यांनी थाळी तिरपी केली, तेव्हा तिनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

पुढं आबांची सर्दी तिच्या वेळेनं गेली. त्याआधीच ते भिंत न धरता अंगणात यायला लागले होते.

ओट्यावरची गोष्ट बेबाबाई गावभर करणार, हे उघड होतं. पण तिच्या आधी पिठाच्या गिरणीवर ती सांगितली भिकुबाईनंच. खाकरून कसं दाखवलं, गळ्यावर बोट कुठं ठेवलं, सगळं तिखटमीठ लावून.

"म्हणजे नातीनं तुम्हाला चक्क बनवलं म्हणा की, अक्का!" रांगेतली एकजण म्हणाली.

"बनवलं ना!" भिकुबाई पिठाचा डबा कमरेवर घेत ताठ उभी राहिली. "आख्ख्या गावमा मला बनवणारं कोणी जन्मलं नव्हतं. ते माझ्याच घरात निघालं. तुमच्यात शे का असं कोणी?"