तळघराच्या पायऱ्या

"डोकं सांभाळावं, इंदुताई," असं म्हणत वासंतीने पाहुणीला गोवळकोंड्याच्या किल्ल्यातल्या भुयाराच्या बुटक्या तोंडाशी नेलं आणि मागे हात करून लेकीला चिमटा काढला. प्रियदर्शिनीने नुकतंच तोंड उघडलं होतं. ते मिटलं.

आठवडाभर घरात हीच शिकवणी चालली होती. इंदुताई पुण्याच्या, आपल्या मुलासाठी, सुमितसाठी, मुलगी पाहायला काचीगुड्याला आलेल्या. त्यांच्यापुढे इथल्या बोलीतलं 'हौ' नाही, 'नक्को' नाही. त्यापेक्षा बोलायचंच नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची! स्वतः वासंतीही सकाळपासून धड्यातल्यासारखं बोलत होती. एरवी प्रियदर्शिनी हिमायतनगरच्या नव्या कंप्युटर कंपनीत भल्याभल्यांना गप्प बसवायची. पण सुमित तिला मनापासून आवडला होता, म्हणून तिने आईचं ऐकलं.

इंदुताईंनी विचारावं आणि तिने मान हलवावी, असं दुपारपर्यंत चाललं. हे भुयार थेट चारमिनारला निघतं म्हणतात, हेसुद्धा तिच्या बापाने, मुकुंदरावांनी सांगितलं. शेवटी इंदुताई वासंतीला बाजूला घेऊन म्हणाल्या,

"मुलीच्या मनात नसेल तर स्पष्ट सांगा. जबरदस्तीने आणलेली सून मला नको."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आता कोणत्या तोंडाने काय सांगायचं? वासंतीने घाईघाईने भुयारापलीकडच्या तळघराची वाट दाखवली.

पायऱ्या निसरड्या होत्या. टॉर्चमध्ये मुकुंदरावांनी काटकसरीपायी रेडिओतले जुने सेल घातले होते. अर्ध्या वाटेत टॉर्चने राम म्हटला. काळोखात वटवाघळं फडफडली. इंदुताईंचा पाय सटकला.

"ठैरा, मावशी!" प्रियदर्शिनीचा आवाज आला. "पाऊल उचलू नका. परेशान नक्को होऊ, मी हाय ना. हात द्या इकडं."

वासंतीने अंधारातही डोळे मिटून घेतले. आता संपलंच सगळं, असं तिला वाटलं.

"हौ गं माय," खालून उत्तर आलं. "घट्ट धर. लई भ्या वाटायलंय."

क्षणभर वासंतीला कळेना, हे बोललं कोण.

वर उजेडात आल्यावर इंदुताईंनी पदर नीट केला. मुलीचा हात मात्र त्यांनी अजून सोडला नव्हता.

"माझं माहेर उमरीचं. नांदेडजवळ," त्या पुन्हा स्वच्छ पुणेरीत, वासंतीकडे न बघता म्हणाल्या. "लग्न होऊन पुण्याला गेले, तेव्हा सासूबाई मला पाहुण्यांसमोर तोंड उघडू देत नसत. पुढे माझी मीच शिकले गप्प राहायला."

मग त्यांनी टेकडीवरच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"ते वर काय आहे गं, बाळ?"

प्रियदर्शिनीने सवयीने आईकडे पाहिलं. वासंतीला लाज वाटली, वाईट वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिने चप्पल काढून खडा झटकला, पुन्हा घातली, आणि म्हणाली,

"अगं, सांग की! मावशी कवाच्यानं विचारायल्यात."