प्रभाकररावांची लाल पट्टी

मी समुद्रपूरच्या प्रभाकररावांची पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या असतील. मला लालही आहेत.

माझा जन्म दोन म्हाताऱ्या पेट्यांपासून झाला. एकीचा भाता फाटलेला, दुसरी उंदरांनी कुरतडलेली. माझ्याआधीही प्रभाकररावांनी पुष्कळ वाद्यं केली. दुकान शेतीच्या पंपांचं, पण गिऱ्हाईक पाइप मागायला आलं की हे आधी त्यात फुंकून पाहायचे. फवारणीच्या पंपाचं वाद्य केलं, तर शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. कुकरच्या शिट्टीचा सूर शोधत बसले, वरण करपलं. दोन सुरांच्या मधले सूर शोधणारा माणूस तालुक्यात हा पहिलाच, आणि बायकोच्या मते शेवटचाही.

बायको म्हणजे अनुसयाबाई. मळ्यातली भाजी बाजारात विकतात. "वांगे घ्या, वांगे" म्हणाल्या की बसस्टँडपर्यंत ऐकू जातं. भजनाची भारी हौस. पण भजनी मंडळात पेटी वाजवायचे बंडूजी, आणि त्यांच्या पेटीशी बाईंचा सूर काही जुळेना. "वहिनी, तुम्ही आपले टाळ वाजवा," ते म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून बाई मागच्या रांगेत टाळच वाजवत होत्या. गाणं ओठांतल्या ओठांत.

मग प्रभाकरराव दर बाजाराला जुनी पेटी घेऊन बायकोच्या मागे बसू लागले. लोकांना वाटलं, पंपांचा धंदा बुडाला. एक दिवस जेवताना म्हणाले, "चुकनारा मानूस रोज वेगळ्या जागी चुकते. तुहा सूर तं रोज एकाच जागी बसते. पेटीतच ते जागा नाई."

बाईंचा घास हातातच राहिला.

ती जागा करण्यासाठी मी झाले. पट्ट्यांच्या मधे त्यांनी बारीक पट्ट्या बसवल्या, फाटकाच्या उरलेल्या रंगाने लाल केल्या, आणि बाईंच्या आवाजाला शोभेल अशी भजनाची नवी चाल बांधली. बंडूजी बघायला आले. "काळी चारचा सूर तं समजते, भाऊ. हे लाल चार काय होय?" पण दसऱ्याला मंदिरात भजनस्पर्धा होती. त्यांनी अट घातली: या पेटीशी सूर जुळला तर वहिनी पुढच्या रांगेत, नाहीतर टाळ कायमचे.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. तराजू, विळे, पंप आणि मी. बाईंनी सगळ्यांना बोटभर कुंकू लावलं. त्यांच्या सुराच्या लाल पट्टीला मात्र तेलात कालवून, भरभरून, माहेरच्या माणसाला लावावं तसं. ते फटीतून आत उतरलं आणि हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पितळी पत्तीला चिकटून बसलं. मला शिंकता येत असतं तर किती बरं झालं असतं.

संध्याकाळी चाल नेमकी त्या जागेवर आली. प्रभाकररावांनी लाल पट्टी दाबली. नुसती हवा. फुस्स. त्यांचं तोंड उतरलं, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र थांबल्या नाहीत. मी मुकी होते तिथे त्यांचा सूर एकटाच उभा राहिला. हलला नाही, डगमगला नाही. पुढच्या वेळी ती जागा आली तेव्हा प्रभाकररावांनी बोट आपणहून उचललं. बंडूजींची मान डोलू लागली. लक्षात येताच त्यांनी ती थांबवली, पण मी बघून घेतलं होतं.

बक्षीस दुसऱ्याच मंडळाला गेलं. पुढच्या भजनाला बंडूजी मागच्या रांगेत बसले. "टाळ कोनाले तरी धराच लागते," म्हणाले.

प्रभाकररावांनी मला साफ करायला उघडलं, तेव्हा बाईंनी त्या पट्टीवर हात ठेवला.

"हे राहू द्या, जी. तिथं मी आहो."

तेव्हापासून ती पट्टी मुकीच आहे. बंडूजी येता-जाता दाबून बघतात. फुस्स. तुम्हाला तो सूर ऐकायचा असेल तर बाजाराच्या दिवशी या. आणि आलातच तर वांगी घेऊन जा. फुकट ऐकलेलं बाईंना चालत नाही.