गवत, दगड, मासा

उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर ती दोरी बसते… शेवाळी रंगाची, केसापेक्षा जेमतेम जाड, आणि बोट जरा वाकवलं की कातडीत रुतून एक पांढरी रेघ उठवणारी. तिथून काउंटरवरून सरळ मागच्या भिंतीकडे, पूर्वी विजेची वायर जायची त्या भोकातून पलीकडच्या खोलीत, पाळण्याच्या कडीला. दुपारी गळ-दोरीच्या दुकानात कुणी नसलं की ती डोळे मिटून बोट ऐकत बसायची. हो, ऐकतच. तिची तान्ही गुंडी कूस बदलते तेव्हा एक लांब, आळसावलेली ओढ. झोपेत दूध प्यायला लागली की बारीक बारीक ठुसठुस. जागी झाली की दोन लाथा, आणि मग ती रडायच्या आत आपण तिच्यापाशी.

आधी तंगूस लावून पाहिला होता. पण तंगूस म्हणजे शेवटी नायलॉनचा एकच धागा, तो ताणला जातो. त्या टोकाला जे घडतं त्यातलं अर्धं तो वाटेतच गिळून टाकतो, शेजारच्या घरातलं भांडण ऐकूनही न ऐकल्यासारखं करणाऱ्या भल्या बाईसारखा. विणलेल्या दोरीचं तसं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

"डोळे मीट," बाबा म्हणायचे. ती आठ वर्षांची, तलावाच्या काठावर, ओल्या फ्रॉकात. बाबा दोरीचा एक वेढा तिच्या बोटावर ठेवायचे. "सांग. गवत, दगड, की मासा?" दगड ओढत नाही, नुसता अडतो. गवत ओढतं, पण सोडून देतं. "आणि मासा?" मासा विचार करतो, ते सांगायचे. ओढतो, थांबतो. "वर कोण आहे ते तोही बघत असतो." त्या थांबण्याचीच तिला तेव्हा भीती वाटायची. खाली काळ्या पाण्यात कुणीतरी आपल्याला चाचपतंय, आपण कोण ते ठरवतंय…

"पोरीला गळाला लावून बसलीस का गं?" आई मघाशी म्हणाली होती. गुंडीला टोपी घालून, खांद्यावर टाकून, ती दवाखान्यात लस द्यायला निघाली होती. "मी येऊ?" "तू कशाला? मागच्या वेळी तिच्याआधी तूच रडलीस. डॉक्टरांना कळेना सुई कुणाला टोचायची." आणि दाराशी थांबून, आवाज बदलून, "काढ ते बोटाचं. मला नाही बघवत."

का बघवत नाही, ते दोघींनाही ठाऊक होतं. म्हणजे आईला अर्धंच.

दोरी बोटावर तशीच राहिली. पाळणा रिकामा, त्यात घडी घातलेलं दुपटं, आणि तिच्या बोटावर दोरी. काढायची राहून गेली, की मी काढली नाही…

"आहे का कुणी दुकानात, की मासे पकडायला गेले सगळे?"

पोस्टमनकाका. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी डावा खांदा अजून पिशवी असल्यासारखा खाली.

"या काका. काय देऊ?"

"दोरी. धरणाच्या भिंतीखाली मोठे मासे आलेत. परवा लागला होता, एवढा!" दोन्ही हात पसरायला काउंटर पुरेना.

"मग?"

"मग काय. मासा गेला, गोष्ट राहिली. बायको म्हणाली, गोष्टच तळू का?"

ती हसली. फळीवरच्या फिरक्या खाली काढायला लागली आणि नेहमीसारखे बाबांचे शब्द आपोआप तोंडात आले. लांब फेकायची असेल तर आठ पेडांची घ्या, ती गुळगुळीत असते, काठीच्या कड्यांतून आवाज न करता जाते. खडक असतील तर चार पेडांची. खरखरीत, पण घासली तरी टिकते. पाणगवतात जाड लागते, गवत कापत बाहेर यायला. आणि रिळावर भरताना खाली आधी थोडा तंगूस गुंडाळायचा, नाहीतर गुळगुळीत धातूवर सगळी दोरीच घसरत फिरते…

"ते पेड-बिड तू बघ गं पोरी. तुझ्या बाबांना भरून दिली होतीस ना, तसलीच दे मला. ती म्हणे शेवटपर्यंत तुटली नाही."

त्यांच्या मनात काही नव्हतं. खिशातून चष्मा काढून ते काचा पुसत होते.

शेवटपर्यंत. हो. बाबांनी तीस पौंडी, म्हणजे तीस पौंडांच्या ओढीला तुटणारी, मागितली होती. सव्वा वर्षापूर्वीची सकाळ. गुंडी तेव्हा पोटात दोन महिन्यांची, कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिला उगाचच सगळ्या गोष्टी घट्ट धरून ठेवाव्याशा वाटत होत्या. दोरी तुटून मासा गेला की बाबा दोन दोन दिवस जेवणावर रुसायचे. म्हणून तिने साठची भरली. दिसायला बारीकच, कुणाला कळणार? आणि रिळावर तीसची चिठ्ठी डकवली… प्रेमाने, एखाद्याच्या दुधात गुपचूप साय घालावी तसं. बाबांनी अंगठ्याखालून दोरी सरकवून पाहिली. "छान भरलीस," म्हणाले.

गळ खडकात अडकला की ते दोरी मनगटाला दोन वेढे देऊन मागे झुकायचे. तीसची असती तर तुटते. तुटायचीच असते. चांगली दोरी म्हणजे तुटायला हवी तेव्हा तुटणारी, हे तर त्यांनीच शिकवलेलं. ही तुटली नाही. शेवाळलेल्या कडेवरून पाय घसरला, सगळे म्हणाले. पण पाण्यातून वर आणणाऱ्या माणसाने त्यांचं मनगट सोडवायला आधी कात्री मागितली, मग सुरा. आईला वाटतं दोरीने घात केला. कुठल्या दोरीने, कुणी भरलेल्या, हे ती विचारत नाही. उरलेली फिरकी मी टाकून द्यायला हवी होती. नाही टाकली. पाळण्याला जी बांधली आहे ती त्यातलीच.

आणि एक गोष्ट सव्वा वर्ष झोपू देत नाही… चिखलातला मासा आणि चिखलातलं पान बोटाने ओळखणारा माणूस. त्याला साठ आणि तीस कळले नसतील?

"बाळ उठलं वाटतं," पोस्टमनकाका दोरीकडे बघत म्हणाले.

तिने बोटाकडे पाहिलं. मधल्या पेरावर पांढरी रेघ उठली होती. दोरी काउंटरपासून भोकापर्यंत ताठ, पट्टीने आखल्यासारखी.

"अगं जा, बघ तिला. मी थांबतो."

"ती… उठते अशी. झोपेल परत."

ती दवाखान्यात आहे, हे तोंडातून निघालं नाही. मागचं दार बंद, खिडकीला जाळी. मांजर? मांजर असतं तर पाळणा हलला असता, कडी कुरकुरली असती. काहीच कुरकुरत नव्हतं. तिने डोळे मिटले. दगड? दगड ओढत नाही. गवत? गवत सोडून देतं. ओढ आली, अगदी हळू, आणि थांबली. सोडलं नाही. नुसती थांबली.

आठ वर्षांच्या मुलीच्या मानेवर आला होता तोच काटा, त्याच जागी.

"काका," ती म्हणाली, आणि आवाज स्वतःचाच निघाला याचं तिला नवल वाटलं. "चार पेडांची तीस देते. आणि पुढे दोन हात तंगूस जोडते, वीसचा. अडकलं तर तो तुकडा तुटेल, बाकी सगळं वाचेल."

"म्हणजे मासा परत जाणार."

"गेला तर गेला. तुम्ही या परत. आणि हाताला गुंडाळायची नाही. कधीच नाही."

"तुझे बाबा तर नेहमी…"

"हो. माहितीये मला."

काकांनी चष्मा खिशात ठेवला. तिने डाव्या हाताने आणि दातांनी गाठ मारून दिली, उजवं बोट काउंटरवर न हलवता. "एका हाताने काम करतेस, आईच झालीस तू," ते म्हणाले, आणि खाली कललेला खांदा घेऊन उन्हात गेले.

दुकानात दुपारच शिल्लक राहिली. फळीवर फिरक्या, पंख्याची घरघर, आणि ती ताठ रेघ.

उठून पलीकडच्या खोलीत जाणं म्हणजे नऊ पावलं. तिने मोजली, मनातल्या मनात गेली, दार ढकललं, आणि पाळण्यात काय असेल ते पाहायच्या आत परत खुर्चीत येऊन बसली. तीनदा. मग भोकाकडे तोंड करून, गुंडीशी बोलते त्या आवाजात म्हणाली,

"साठची होती, बाबा."

काही नाही. पंखा. मग इतकी हलकी ओढ, की तंगूस असता तर वाटेतच जिरली असती. एकदा. आणि थांबणं. वर कोण आहे ते बघणारं थांबणं. यात राग होता का? बोट शोधत राहिलं. बोटाला राग ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना माहीत होतं, तरी छान भरलीस म्हणाले… की माहीत नव्हतं? दोरीतून दोन्ही अगदी सारखंच लागतं.

तिने कात्री घेतली. सोडून द्यायला नव्हे. तोडली, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून. तरी एक क्षण पलीकडचं टोक चिमटीतून सुटलं, आणि ते खाली पडायला हवं होतं. पडलं नाही. हवेत तसंच राहिलं, वाट बघत असल्यासारखं, आणि तिने ते लहान मुलाचं बोट धरावं तसं पुन्हा धरलं. मधे दोन हात तंगूस जोडला. सगळ्यात कच्चा, चार पौंडी. गाठी ओठांनी ओल्या करून आवळल्या, बाबांनी शिकवल्या तशा.

"कुणाशी बोलत होतीस गं?" दारात आई. तिच्या खांद्यावर गुंडी; गुंडीच्या दंडावर कापसाचा बोळा, रडून लाल झालेलं नाक. आईची नजर बोटावर गेली, बोटावरून दोरीवर, दोरीवरून भिंतीतल्या भोकावर. तिने पाळण्यात कोण आहे असं विचारलं नाही. "अजून काढलं नाहीस," एवढंच म्हणाली.

"आई, बस जरा. तुला एक सांगायचंय."

आई बसली. गुंडी वळली, भोकाकडे बघत राहिली, आणि ओले गाल तसेच ठेवून हसली; ओळखीचं माणूस दिसल्यावर हसते तसं.

मी बोट हलवलं नाही. आता तिकडून जे येईल ते थोडं मऊ होऊन येईल, अर्धं वाटेतच जिरेल, पण येईल. आणि कुणी फार जोरात ओढलं, त्यांनी किंवा मी, तर तुटेल. घाई करायची नाही, बाबा म्हणायचे, त्याला ठरवू दे… मी तोंड उघडलं, आणि बोटावरची रेघ पुन्हा हळूहळू पांढरी होऊ लागली.