दारावरची रामनवमी

होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडाखाली फुलांचा सडा पडला की मला रमाचा आवाज ऐकू येतो. चैत्रातल्या सकाळी चिकपेटेतल्या आमच्या गल्लीत ती जांभळट-पांढरी फुलं लाह्यांसारखी पसरलेली असत, आणि माझ्या शिंपीकामाच्या दुकानाच्या उंबऱ्यावर, जिथं उन्हाची पहिली पट्टी उतरे तिथं, पाठीचा कणा ताठ ठेवून माझी धाकटी बहीण इंग्रजी व्याकरण घोकत बसलेली असे. मशीनचा ताल आणि तिचं घोकणं एकमेकांत असं विरघळे, की टीप कुठं संपली आणि वाक्य कुठं सुरू झालं हे सांगता येऊ नये. मधूनच एक बोट हवेत उचलून ती थबके. जणू अजून न आलेल्या दिवसाची नाडी पाहते आहे.

साठ साल उजाडायचं होतं. बाविसाव्या वर्षी वैधव्य आलेली रमा हुबळीच्या सासरहून माझ्याकडं आली, ती मॅट्रिकला बाहेरून बसायचं ठरवून. इंग्रजीत दोनदा राहिली होती. ही तिसरी खेप, आणि शेवटची. पास झाली तर मास्तरीण, नाही तर सासरच्या अकरा माणसांची चूल. तिला पोचवायला आलेल्या दिरानं, गोविंदरावांनी, विचारलं, "परत कधी न्यायची?" मी म्हणालो, "रामनवमीला," आणि दुकानाच्या दारावर आतल्या अंगाला खडूनं तसं लिहून टाकलं. गिऱ्हाइकाच्या कापडावर मी असाच दिवस लिहीत असे, आणि वीस वर्षांत एकही दिवस चुकवला नव्हता. परीक्षा रामनवमीनंतर तिसऱ्या दिवशी सुरू होते, हे पुढं फाल्गुनात कळलं. कळलं, तरी मी पुसलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. माझ्याजवळ शब्दाशिवाय दुसरं काय होतं?

त्या दिवसांत तिचं एकाच काळाशी भांडण चाललं होतं. पूर्ण भविष्यकाळ. आधी 'शॅल हॅव' नाही तर 'विल हॅव', त्यापुढं क्रियापदाचं तिसरं रूप. रूपं तोंडपाठ होती, पण वाक्य रचायला बसली की कुठल्या दिवशी उभं राहून बोलायचं, तेच निसटे. मग ती मलाच शिकवायला घेई.

"अण्णा, समज, शुक्रवार आलाय आणि तू मागं वळून बघतोयस. बाय फ्रायडे आय शॅल हॅव स्टिच्ड द कोट. शुक्रवारपर्यंत कोट शिवून झालेला असेल."

"शेवटची गाठ मारल्याशिवाय मी झालं म्हणत नाही. अंगात न गेलेला कोट झालेला कसा गं?"

"मग कापडावर शुक्रवार कशाला लिहितोस?"

मी कातर आपटली. "अभ्यास कर."

ती हसली. रमाचं हसणं ओठांवर नसे. डोळ्यांच्या कडेला, पाण्यावर वाऱ्याची सुरकुती उमटावी तसं उमटे आणि विरून जाई. पण त्या दिवशी हसता हसता तिची नजर दारावर गेली आणि तिथंच थिजली. दारावरच्या अक्षरांविषयी तिनं मला एकदाही विचारलं नाही. तिचं ते न विचारणं घरात सांडलेल्या टाचण्यांसारखं पसरलं होतं. कुठंही हात लावावा, तर टोचावं.

रामनवमी आली. गल्लीभर गुळाचा नि सुंठीचा वास, पानकाच्या घागरी, होंगेची फुलं पायांखाली चुरगळलेली. गोविंदराव वेळेवर आले. रमानं ट्रंक भरून उंबऱ्याशी ठेवली होती, झाकण उघडं. सगळ्यांत वर परीक्षेचं हॉल तिकीट होतं, माझ्याकडं तोंड करून.

पानकाचा पेला खाली ठेवत गोविंदराव म्हणाले, "चला वहिनी. शिवरामअण्णांच्या खडूवर लोक घड्याळ लावतात म्हणे."

"भावजी, पुढच्या शनिवारपर्यंत माझे सगळे पेपर लिहून झालेले असतील. मग बोलू."

"बोलायचं काय त्यात? शब्द तुमच्या भावाचा आहे."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तेच बोट हवेत उचललं होतं. त्या बोटाकडं बघता बघता मला माझी चूक दिसली. मी तिच्यावर दिवस लिहिला होता, कापडावर लिहावा तसा. कापडाला कुणी विचारत नाही.

मी उठलो आणि तळहातानं दार पुसलं.

"दिवस चुकला माझा," मी म्हणालो. "तिला न विचारता दिला होता."

"मग आमचा उंबरा यापुढं तिला बंद."

"सरी, ठीक आहे. हा उंबरा आहे."

एवढं बोलायला मला वीस वर्षांचा ताठा गिळावा लागला. रमा वाकली, ट्रंकेतून पुस्तक काढलं आणि पुन्हा उन्हाच्या पट्टीत जाऊन बसली.

पास झाली ती. येलहंकाच्या मुलींच्या शाळेत लागली. शनिवारी दुपारी बसनं येई तेव्हा तिच्या बोटांना खडू असे आणि माझ्याही. "अण्णा, आपला धंदा एकच," म्हणे. ते शनिवारही आता सरले. परवाच्या माघात ती जग सोडून गेली, शाळेची घंटा व्हायच्या आत, घाईनं.

दार अजून आहे. भोवतालचं लाकूड धुरानं, वयानं काळवंडलं. मी पुसलेला तेवढा एक तळहाताएवढा पट्टा फिकट राहिला. त्यावर काय लिहिलं होतं हे सांगणारा उद्या मीही नसेन. काळ अक्षरं आधी नेतो, माणसं मागून नेतो. पण कधी काळी कुणासाठी काही पुसलं होतं, त्या हाताची खूण मात्र तो सगळ्यांत शेवटी उचलतो.